जुड्याचं माप

माझ्या बायकोने पहाटे उठून नातीला न्हाऊ घातलं. गुन्हा म्हणाल तर एवढाच. पण त्यापायी माझ्या चार महिन्यांच्या मेहनतीवर पाणी पडायची वेळ आली, आणि वर बाई मलाच विचारते, "मग काय, शर्यतीला पोरीला पारोशी पाठवू?" आता सांगा, अशा माणसाशी काय बोलायचं.

पण नीट पहिल्यापासून सांगतो. मी उजागर सिंग, डायवाला. लुधियान्यात जनता नगरच्या एका गल्लीत माझं वर्कशॉप आहे. सायकलीचा कुठलाही पार्ट आणून द्या, त्याचा साचा मी करून देतो. चव्वेचाळीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही. माझं तोंड खराब आहे असं गल्लीत सगळे म्हणतात. हात चांगला आहे असंही म्हणतात, पण ते माझ्या पाठीमागे.

जपनीत माझी नात, वय सतरा. तिचे आईबाप इटलीत गुरांच्या गोठ्यावर कामाला आहेत, म्हणून ती लहानपणापासून आमच्याकडेच. पोरगी सायकल चालवते म्हणजे कोपऱ्यावरून दही आणते तसं नव्हे. कालव्याच्या रस्त्यावर ती मोटारसायकलवाल्यांना मागे टाकते आणि ते बिचारे घरी जाऊन सांगतसुद्धा नाहीत. पंधराव्या वर्षी तिने आपणहून दस्तार, म्हणजे पगडी, बांधायला सुरुवात केली. आम्ही कुणी म्हटलं नव्हतं. केस टाळूवर घेऊन जुडा घालायचा, त्यात छोटा कंगवा, आमचा कंगा, खोचायचा, वर दस्तार. सायकलवर असली की दस्तारीऐवजी पातळ पटका. केस सोडले तर गुडघ्याला लागतात, तेव्हा जुडा केवढा असेल ते तुम्हीच ठरवा.

मागच्या वर्षी राष्ट्रीय शिबिराच्या निवडीसाठी शर्यत होती, आणि तिला सुरुवातीच्या रेषेवरूनच बाजूला काढलं. मुख्य पंच होते बरुआ म्हणून, आसामकडचे. माणूस वाईट नाही. आवाजसुद्धा चढवत नाही, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. नियम असा की डोक्यावर कडक हेल्मेट हवं, आणि ते भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे. जुड्यावर कुठलं हेल्मेट बसणार? ते नुसतं वर अडकून डुगडुगत राहिलं.

"बेटा, वेणी घाल," बरुआ म्हणाले. "बाकीच्या मुलींनी घातलीय बघ. पाच मिनिटांचं काम."

"सर, माझा जुडा वरच असतो."

"आजच्या दिवस खाली घे."

"नाही सर."

मागून कुणीतरी बोललं, केशरचनेचा एवढा हट्ट असेल तर फोटो काढायला जावं, इथे कशाला यायचं. मी तिकडे निघालो होतो, पण बचिंतने माझी बाही धरून ठेवली. बचिंत कौर म्हणजे माझी बायको.  शेवटची मुलगी परत येईपर्यंत जपनीत सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. घरी आल्यावर पाठीवरचा नंबर काढला, सत्तावीस, आणि माझ्या वर्कशॉपमध्ये लेथच्या वरच्या खिळ्याला अडकवला. "हा इथेच राहू दे, दादाजी," म्हणाली.

तो नंबर रोज डोळ्यांसमोर. मला तो बघवत नव्हता, कारण हेच तिच्या बापाचं झालं होतं. हरजोत माझा एकुलता एक मुलगा, एकोणीस वर्षांचा असताना असाच सायकलवर वारा प्यायल्यासारखा सुटायचा. हेल्मेटचा नियम तेव्हा नुकताच आला होता. एका दुपारी पोरगा न्हाव्याकडे जाऊन केस कापून आला. शर्यत जिंकला, पदक घेऊन वर्कशॉपच्या दारात उभा राहिला, आणि मी त्याच्याकडे पाठ करून लेथ चालू केली. वर्षभर बोललो नाही. नंतर बोललो ते हवापाण्याचं. बावीस वर्षं झाली, फोनवर आम्ही बापलेक एकमेकांना थंडी किती पडली ते सांगतो आणि फोन बचिंतच्या हातात देतो.

जपनीतला हे सगळं ठाऊक आहे, आजीच्या पोटात काही राहतं थोडंच. गेल्या उन्हाळ्यात ती वर्कशॉपमध्ये आली आणि सरळ विचारलं, "दादाजी, मी केस कापले तर तुम्ही माझ्याशीही बोलायचं सोडाल?"

माझ्या हातातली कानस तशीच थांबली. "कापणार आहेस?"

"नाही. पण सायकलही सोडणार नाही. दोन्हीतलं एक घे असं मला कुणी सांगायचं नाही. बरुआ सरांनी नाही आणि तुम्हीही नाही." तिने खिळ्यावरच्या नंबराकडे बोट केलं. "तुम्ही सगळ्या दुनियेला साचे करून देता ना? मग मलाही एक करून द्या."

 त्याच संध्याकाळी मी कामाला लागलो.

आधी माप पाहिजे. मी प्लास्टर कालवलं तर बचिंत दारात आडवी उभी. "पोरीच्या केसांना सिमेंट लावणार? आधी मला लावा." मग तिनेच घट्ट कणीक मळली, जुड्यावर मलमल घातली आणि कणीक थापून थापून बसवली. न्हाणं दर रविवारी असतं, म्हणून माप शनिवारी घेतलं. ओले केस आणि कणीक, कोण निस्तरणार? चांगले तेल लावून चापून बसवलेले केस होते, ठसा असा सुरेख आला की मी बायकोला शाबासकी दिली. ती आजवर मला ऐकवते की लग्नानंतरची ती दुसरी शाबासकी.

जवळच एक हेल्मेटचा कारखाना आहे, त्यांचे जुने साचे माझेच. मालकाने रविवारी मशीन वापरू दिलं. पहिलं हेल्मेट तपासणीला पाठवलं. तिथे ते दोन पुरुष उंचीवरून लोखंडावर आपटतात. जुड्यासाठी वर जी पोकळी केली होती तिथेच ते नारळासारखं फुटलं. दुसऱ्याला जाड केलं, तर ते एवढं जड झालं की जपनीत म्हणाली, "दादाजी, हे घालून मी सायकल चालवू की विटा वाहू?" तिसऱ्यात कंग्याने घोटाळा केला. लाकडी कंगा, पडलं तर टाळूत रुतेल. त्याच्यासाठी मागच्या अंगाला वेगळी खाच केली, आत मऊ अस्तर दिलं. चौथ्याला पोकळीच्या भोवती आतून बारीक कमानी दिल्या. चौथं फुटलं नाही. शिक्कामोर्तब झालेला दाखला हातात आला त्या दिवशी मी गल्लीत सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली, ज्यांच्याशी बोलत नाही त्यांनासुद्धा.

यंदाची शर्यत आमच्याच कालव्याच्या रस्त्यावर होती. आदल्या दिवशी दुपारी सामान तपासायला बोलावलं, तर टेबलाशी पुन्हा बरुआच. त्यांनी जपनीतला ओळखलं. हेल्मेट हातात घेऊन उलटं-सुलटं केलं, कमानींवरून अंगठा फिरवला, दाखला दोनदा वाचला. मग सरळ स्वतःच्या डोक्यावर घातलं. त्यांच्या टकलावर माझी ती वरची पोकळी अशी दिसत होती की जपनीतने तोंड फिरवलं. नंतर तिच्या डोक्यावर चढवून भुवयांवर दोन बोटं ठेवून बघितली. बरोबर बसलं.

"कुणी केलं हे?"

"मी केलं," मी म्हणालो. "मागच्या वर्षी तुम्ही वेणी घाल म्हणालात ना, त्याचं हे उत्तर आहे."

बचिंतने मला कोपर मारलं. बरुआंनी मात्र मनावर घेतलं नाही. ते जपनीतला म्हणाले, "एक विचारतो, राग मानू नकोस. त्या केसांचं एवढं काय आहे?"

माझ्या तोंडावर चार शब्द आले होते, पण पोरीने मला बोलूच दिलं नाही. "सर, हे मला जन्माबरोबर मिळालंय. देणाऱ्याने विचार करूनच दिलं असणार. मी ते रोज विंचरते, बांधते, नीट ठेवते. हेच माझं त्याला रोजचं हो म्हणणं आहे. शर्यत आहे म्हणून एका दिवसापुरतं नाही कसं म्हणू?"

 बरुआंनी हेल्मेटवर मंजुरीचा स्टिकर चिकटवला. "उद्या निघताना पुन्हा बघणार. नियम आहे."

"शंभर वेळा बघा," मी म्हणालो. एवढा माज बरा नव्हे, हे मला तेव्हा कुठे कळत होतं.

ही शर्यत एकेकट्याने पळायची असते. दर मिनिटाला एक मुलगी निघते, वीस किलोमीटर जाऊन येते, घड्याळ बोलेल ते खरं. तुमचं मिनिट ठरलेलं. त्या वेळी तुम्ही रेषेवर असा नाहीतर नसा, तुमचं घड्याळ सुरू होतं. जपनीतचं मिनिट सात सेहेचाळीसचं होतं. त्यातल्या पहिल्या चार शिबिराला जाणार होत्या.

साडेसातला बरुआ तपासायला आले. जपनीतने हेल्मेट चढवलं, त्यांनी भुवयांवर बोटं ठेवली. दोन बोटं मावली. तीन मावली. चारही मावली.

"हे बसत नाही," बरुआ म्हणाले. "काल तर बसत होतं."

मी दाबून बघितलं. वर काहीतरी अडत होतं.  साचा चुकला? आकसलं? जपनीत पांढरीफटक, मला म्हणते, "दादाजी, काल तर ठीक होतं ना?" मी हेल्मेट काढून पटक्यावर हात ठेवला तर जुडा फुगलेला, ओलसर, मऊ लागला. एकदम डोक्यात प्रकाश पडला.

"बचिंत कौर, हिला न्हाऊ घातलंस?"

"घातलं," बायको म्हणाली. "दही लावून, चांगलं रिठ्याने. एवढा मोठा दिवस. मग काय, शर्यतीला पोरीला पारोशी पाठवू?"

"अगं, माप तेलकट केसांचं घेतलंय."

"मग ते मला आधी सांगायचं. माप तुमचं, मिस्तरी तुम्ही."

आमच्यात मोठ्या कामाला निघायचं तर डोक्यावरून अंघोळ ही हवीच, त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. तिने केलं ते माझ्या आईनेही केलं असतं. पण थंडीतल्या पहाटे धुतलेले गुडघ्याएवढे केस तीन तासांत वाळतात थोडेच, आणि धुतलेला केस कसा फुगतो हे बायाच जाणोत. बारा मिनिटं राहिली होती. बरुआ हळूच म्हणाले, "वेणी..." आणि जपनीतने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. 

ही एवढी बोलायला धीट पोर, पण आता तिने आजीची ओढणी मुठीत धरली. "आजी, मी परत कडेला उभी राहणार नाही," ती म्हणाली. "मागच्या वर्षी राहिले. आता नाही मला जमायचं."

"कोण उभं करतंय तुला?" बचिंत म्हणाली. "खाली बस. सरदारजी, शाल धरा, आणि तोंड तिकडे करा."

मी शाल धरून कालव्याकडे तोंड केलं. मागे काय चाललंय ते कानांनीच कळत होतं. पटका सुटला, कंगा बचिंतने दातांत धरला असणार, कारण ती पुटपुटली ते मला समजलं नाही. मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"तेल कुठून आणलंस?" मी विचारलं.

"तेल कुठलं? पराठ्यांबरोबरचं लोणी आहे."

पाव शेर लोणी. पोर शर्यतीनंतर खाईल म्हणून सकाळी घुसळलेलं पांढरं लोणी, ते सगळं बाईने नातीच्या केसांत चोपडलं. पंचे पिळतात तसे केस पिळले, पाणी माझ्या बुटांवर आलं. मग वळ देत देत जुडा आवळायला लागली. जपनीत कण्हली. "ओरडू नको," बचिंत म्हणाली, "तुझ्या पणजीने मला याहून घट्ट बांधलेलं आहे."

माईकवरून सत्तेचाळिसाव्या मिनिटाच्या मुलीला तयार राहायला सांगितलं, म्हणजे आमचं मिनिट लागलं होतं. बरुआंच्या हातातल्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती की माझ्याच कानात वाजत होतं, देव जाणे. दहा सेकंद. वीस. बचिंतने पटका ओढून बांधला, मी शाल फेकली आणि हेल्मेट चढवलं. थोडं अडलं, आणि मग बसलं. बरुआंनी बोटं ठेवली. दोन.

"जा," ते म्हणाले, आणि पोरीच्या मागे दोन पावलं स्वतःही पळाले. एकेचाळीस सेकंद गेली होती.

पुढचा अर्धा तास मी कसा काढला ते विचारू नका. बचिंत सुखमनीचा पाठ करत होती. मी दोनदा तिच्यावर खेकसलो आणि दोनदा तिने पाठ न थांबवता मला हाताने गप्प बसवलं. एकेक मुलगी परत यायला लागली. आमच्या आधी निघालेली अजून दिसत नव्हती, आणि पुलाच्या पलीकडून निळा पटका, त्यावर माझं ते उंच टोकाचं हेल्मेट वर आलं. आधीच्या मुलीला तिने वाटेतच गाठलं होतं. मान खाली, पाठ सरळ, आणि रस्ता जणू तिच्या बापाचा. मी बावीस वर्षांनी कुणासाठी तरी घसा फोडून ओरडलो.

ती दुसरी आली. पहिली तिच्या बारा सेकंद पुढे. हिशेब तुम्हीच करा, एकेचाळीस तिने इथेच बसून घालवली होती. म्हणजे कागदावर दुसरी, पण रस्त्यावर तिच्याइतकी वेगाने त्या दिवशी कुणी गेलं नव्हतं, आणि हे पहिली आलेली मुलगी स्वतः येऊन सांगून गेली. शिबिरात जागा पक्की. जपनीत सायकलवरून उतरली ती थेट आजीच्या गळ्यात पडली, आणि दोघी लोण्याने माखल्या.

बरुआ आले. त्यांनी नाकाने हुंगलं. "हा वास कसला?"

"आमचं जेवण," मी म्हणालो.

ते हसले, मग गंभीर झाले आणि जपनीतपुढे उभे राहिले. "मागच्या वर्षी मला काही माहीत नव्हतं, बेटा. आणि मी विचारलंही नाही. विचारायला हवं होतं." मग मला म्हणाले, "याचा नकाशा मला द्याल? नियमांच्या समितीपुढे ठेवतो. पुढे कुठल्या पंचाने कुठल्या मुलाला न्हाव्याकडे पाठवू नये."

न्हावी म्हटल्यावर मला हरजोत आठवला. मी नुसती मान हलवली. बचिंत सांगते की मला गप्प बसलेलं तिने तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

सायकल ठेवायला आम्ही वर्कशॉपमध्ये शिरतो तोच हरजोतचा फोन. इटलीत पहाट होती, मागे गाई हंबरत होत्या. जपनीतने त्याला हेल्मेटचे फोटो पाठवले होते. मी सवयीने फोन बचिंतकडे देणार होतो, तर तिकडून आवाज आला, "पप्पाजी, थांबा. हे तुम्ही केलंत?"

"हो."

"किती दिवस लागले?"

"चार महिने."

तिकडे त्याने एका गाईला हाकललेलं ऐकू आलं. मग तो म्हणाला, "माझ्या वेळी का नाही केलंत?"

बावीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो आणि उत्तर मात्र तयार ठेवलं नव्हतं. समोर खिळ्यावर तो सत्तावीस नंबर होता. मी म्हणालो, "त्या वेळी मी रागवत बसलो. रागवायला साचा लागत नाही ना. हे तेव्हाही चार महिन्यांतच झालं असतं. माझं चुकलं, पुत्तर."

तो रडत होता. मीही रडत होतो, आणि गल्लीतल्या दोघातिघांनी ते बघितलं. बघू दे.

"मग आता माझ्यासाठी एक करा," तो म्हणाला.

"केस आहेत का?"

"वर्ष झालं कापले नाहीत. मानेवर आलेत. तुम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती."

"मग जुडा व्हायला अजून दोन वर्षं आहेत," मी म्हणालो. "ये. मी माप घेतो."

एवढं होतंय तोवर बचिंतने माझ्या हातातून फोन ओढला. "शनिवारी ये," ती त्याला म्हणाली. "आणि न्हाऊन येऊ नकोस."